रिपोर्ट एकीचा, माहिती साऱ्या घराची

“घरात आणखी कोणाला कॅन्सर होता का?” स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बाईला डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. पहिलं उत्तर बहुतेक वेळा “नाही, आमच्याकडे कोणालाच नाही” असं असतं. मग घरी फोनाफोनी होते आणि एकेक गोष्ट निघू लागते. आत्याच्या पोटात पाणी झालं होतं, त्यातच ती गेली. आजीच्या छातीत गाठ होती, तिने ती कोणाला दाखवलीच नाही. वडिलांच्या चुलत बहिणीचं पस्तिशीत काहीतरी ‘मोठं ऑपरेशन’ झालं होतं. आपल्या आधीच्या पिढीने या आजाराचं नाव घ्यायचंच टाळलं. पोटात पाणी व्हायची कारणं अनेक असतात, लिव्हरचीही असतात. पण अशा आत्या-मावश्यांपैकी काहीजणी अंडाशयाच्या कॅन्सरने गेल्या असणार, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही.

आनुवंशिक कॅन्सरची चाचणी म्हणजे थोडंसं रक्त, कधी थुंकी. लॅबला साधारण तीन-चार आठवडे लागतात. अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर येतो: आधी घरात विचारायचं असतं, नंतर घरात सांगायचं असतं. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान याच दोन ठिकाणी होतं.

पण आधी भीती जरा मापात आणू. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण झाल्या, असा ग्लोबोकॅनचा, म्हणजे कॅन्सरची जगभरची आकडेवारी देणाऱ्या प्रकल्पाचा, अंदाज आहे. जन्मतः मिळालेल्या एखाद्या बिघडलेल्या जनुकामुळे होणारा स्तनाचा कॅन्सर त्यात साधारण ५ ते १० टक्के धरला जातो. बाकीच्यांमध्ये वाढतं वय, पाळी लवकर सुरू होणं किंवा उशिरा जाणं, मूल न होणं किंवा उशिरा होणं, वजन, दारू असे घटक असतात, आणि पुष्कळदा एका कारणावर बोट ठेवताच येत नाही. तेव्हा आईला कॅन्सर झाला म्हणजे लेकीला होणारच, असं नाही. एकाच घरात, एकाच समाजात जास्त रुग्ण दिसले तरी लगेच जनुकाकडे बोट दाखवू नये. मुंबईत १९६३ पासून कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. त्या नोंदींत पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसत आला आहे, पण उशिरा लग्न आणि कमी मुलं हे घटकही त्या समाजात तितकेच ठळक आहेत.

आता त्या ५ ते १० टक्क्यांकडे वळू.

रिपोर्टवर ‘बीआरसीए’ असं छापलेलं असतं, डॉक्टर बोलताना ‘ब्रॅका’ म्हणतात. “मला ब्रॅका आहे का?” असं लोक विचारतात, पण ब्रॅका-१ आणि ब्रॅका-२ ही जनुकं तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाकडे असतात, पुरुषांकडेही. त्यांचं काम दुरुस्तीचं आहे. पेशीतल्या डीएनएला रोज काही ना काही इजा होत असते. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले, तर ते बिनचूक जोडायला या जनुकांपासून बनलेली प्रथिनं लागतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. यातली एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल, तरी दुसरी काम सांभाळते. गाडी चारही चाकांवर नीट धावत असते, फक्त डिकीत स्टेपनी नसते. आयुष्यभरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या एखाद्या पेशीत ती उरलेली चांगली प्रतही बिघडली, की त्या पेशीतली दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात आणि कॅन्सरची वाट मोकळी होते. म्हणजे वारशाने कॅन्सर येत नाही, धोका येतो. काहीजणींच्या बाबतीत दुसरी प्रत शेवटपर्यंत टिकते आणि त्यांना काहीही होत नाही.

ही जनुकं सापडली तीसुद्धा घराण्यांच्या माहितीतूनच. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरच्या पिढ्यांमधल्या कॅन्सरची नोंद छापली होती. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ‘हा योगायोग आहे की वारसा’ हा वाद चालूच राहिला. अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी जवळजवळ दीड दशक चिकाटीने काम करून १९९० मध्ये दाखवून दिलं, की स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं एक जनुक १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्यासाठी त्यांनी २३ विस्तारित कुटुंबांचा अभ्यास केला, त्यांत मिळून स्तनाच्या कॅन्सरच्या १४६ रुग्ण होत्या. प्रत्यक्ष ब्रॅका-१ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, आणि १३ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं ब्रॅका-२ त्याच्या पुढच्या वर्षी. त्या २३ घरांनी आपल्या आया-बहिणींबद्दल तोंड उघडलं नसतं, तर आजची चाचणीच नसती.

धोका किती? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रॅकामध्ये असा धोकादायक बदल, म्हणजे एक प्रत बिघडलेली, असलेल्या जवळजवळ दहा हजार बायकांचा पाठपुरावा होता. त्यात वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ब्रॅका-१ मध्ये ७२ टक्के आणि ब्रॅका-२ मध्ये ६९ टक्के दिसली. अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के होती. त्यात बहुतेक बायका पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, म्हणून हे आकडे आपल्याकडे दशांशापर्यंत लागू धरू नयेत. पण भारतातल्या सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात तीन-चार इतकी सांगितली जाते. त्या शेजारी हे आकडे ठेवले की फरक कळतो. ब्रॅकाखेरीज पीएएलबी-२, टीपी-५३, चेक-२, एटीएम अशी इतरही जनुकं आहेत. त्यांचा धोका वेगवेगळा असतो, म्हणून हल्ली एकाच रक्तात अनेक जनुकं तपासणारी ‘पॅनेल’ चाचणी करतात.

मग घरात काय विचारायचं? कागद घ्या आणि रक्ताची नाती दोन्ही बाजूंनी लिहा. आईकडून आजी, मावश्या, मामा, मावस आणि मामे भावंडं. वडिलांकडून आजी, आत्या, काका, चुलत आणि आते भावंडं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: कोणता कॅन्सर, कोणत्या वयात, आज हयात आहेत का. लोक माहेरची बाजू लिहून थांबतात, कारण स्तनाचा आजार म्हणजे बायकांचा, आणि बायकांचं म्हणजे आईकडचं, असं मनात बसलेलं असतं. खरं तर निम्मी जनुकं वडिलांकडून येतात. वडिलांना स्वतःला काहीही न होता त्यांच्या आईकडचा बदल ते लेकीला देऊ शकतात. म्हणून आत्या मावशीइतकीच महत्त्वाची. ज्यांच्या घरात तीन पिढ्या मुलगेच जास्त झाले, तिथे तर धोका असूनही कोणी आजारी दिसत नाही आणि सगळे निर्धास्त असतात.

काकू आणि मामी एरवी या कागदावर येत नाहीत, कारण त्या रक्ताच्या नसतात. पण आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत आहे. तिथे मामी ही नात्यातलीच निघू शकते, आणि सासू ही सख्खी आत्या असते. अशा घरात कागद नीट काढायलाच हवा, कारण नवरा आणि बायको दोघांकडे एकच बदल आलेला असू शकतो. दोघांकडेही ब्रॅका-२ चा बिघाड असेल, तर प्रत्येक मुलामागे चारांत एक अशी शक्यता असते, की बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. त्यातून फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा लहानपणीच दिसणारा गंभीर आजार होतो. असं क्वचित घडतं, पण नात्यातली लग्नं असलेल्या घराने ही गोष्ट जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे चाचणीचा अर्थ समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला, आपणहून सांगावी.

चाचणीचा विचार केव्हा करायचा, याची लक्षणं डॉक्टरांना ठाऊक असतात. पन्नाशीच्या आत, विशेषतः पंचेचाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांत कॅन्सर, ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार (गाठीत दोन हार्मोनच्या आणि हर-२ ची अशा तिन्ही खुणा नसलेला), कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर, घरात पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना स्तन, अंडाशय, स्वादुपिंड किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर. यातलं काही असेल तर विषय आपणच काढावा. गर्दीच्या ओपीडीत किमो आणि ऑपरेशनच्या बोलण्यात तो राहून जातो.

आणि पहिली चाचणी कोणाची? इथे फार गफलत होते. आईला कॅन्सर झालाय म्हणून घाबरलेली तिशीतली मुलगी स्वतःचं रक्त देऊन येते, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि घरात पेढे वाटले जातात. पण त्या रिपोर्टचा अर्थ काय? आईमध्ये बदल होता आणि तो मुलीकडे आला नाही, की आईमध्येही या जनुकांत काही नव्हतंच आणि तिचा आजार वेगळ्या कारणाने झाला? मुलीच्या रक्तातून हे कळत नाही. म्हणून शक्य असेल तिथे ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय तिची चाचणी आधी करतात. तिच्यात नेमका बदल सापडला, की बाकीच्यांमध्ये फक्त तोच शोधायचा. ती चाचणी बरीच स्वस्त पडते, आणि तिचं ‘नाही’ हे पक्कं ‘नाही’ असतं. पूर्ण पॅनेलला खासगी लॅबमध्ये साधारण दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत खर्च येतो. मुंबईत टाटा मेमोरियलचा स्वतंत्र कॅन्सर जेनेटिक्स विभाग आहे. टाटाच्याच खारघरच्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये त्याचं मोठं काम चालतं. कुठेही गेलात तरी रक्त देण्यापूर्वी समुपदेशकाशी बोलणं व्हायलाच हवं. थेट लॅबचा माणूस घरी बोलावून रक्त देणं मला पटत नाही.

परदेशातली भाची प्रेमाने थुंकीची किट पाठवते, त्या किटबद्दलही एक सांगायला हवं. अशा घरगुती चाचण्यांपैकी एक लोकप्रिय चाचणी बरीच वर्षं ब्रॅकाचे तीनच बदल तपासत होती, आणि ते तिन्ही मुख्यतः पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात आढळणारे. ब्रॅकाचे धोकादायक बदल हजारोंच्या संख्येत आहेत. सातारच्या किंवा अकोल्याच्या घराण्यातला बदल त्या तिनांत नसेल, तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही.

रिपोर्ट तीन प्रकारचे येतात. धोकादायक बदल सापडला, सापडला नाही, आणि तिसरा, सगळ्यांना चक्रावून टाकणारा: ‘व्हीयूएस’. जनुकात वेगळेपण दिसलंय, पण ते घातक आहे की निव्वळ माणसामाणसातला फरक आहे हे अजून ठरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. जगात जमा झालेली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यामुळे आपल्यात अगदी साधा असलेला फरकही त्या साठ्यात अनोळखी ठरतो आणि आपल्याकडच्या रिपोर्टांवर हा शेरा जास्त दिसतो. जसजशी माहिती वाढते तसतसे यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. म्हणून व्हीयूएसच्या आधारावर ऑपरेशन करू नये, आणि घरच्यांच्या चाचण्यांचा सपाटा लावू नये. घरातला इतिहास पाहून जी काळजी घ्यायची ती घ्यावी, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्या बदलाचं वर्गीकरण बदललंय का, हे विचारावं. व्हीयूएस म्हणजे ‘थोडासा पॉझिटिव्ह’ असं कोणी समजावलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

धोकादायक बदल निघाला, तर पुढे काय? ही माहिती हातात असण्याचा उपयोग इथे सुरू होतो. स्तनांसाठी दोन वाटा आहेत. पहिली, कडक लक्ष ठेवण्याची: साधारण पंचविशीपासून वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपून राहू शकते, म्हणून एमआरआय. त्याचा खर्च दरवर्षीचा आहे, आणि जिल्ह्याच्या गावी ही सोय असेलच असं नाही, हे मान्य करूनच नियोजन करावं लागतं. दुसरी वाट, आधीच दोन्ही स्तनांच्या पेशी काढून टाकण्याची. त्याने स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ९० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होते. पण शरीर बदलतं, संवेदना जाते, पुन्हा घडवलेला स्तन वेगळा असतो. हा निर्णय त्या बाईचा आहे. नीट पाळली तर लक्ष ठेवण्याची वाटही जबाबदार वाट आहे, आणि घाई करायचं कारण सहसा नसतं.

अंडाशयाचं तसं नाही. तिथे लक्ष ठेवण्याची खात्रीची पद्धतच उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर सोनोग्राफी आणि रक्तचाचणीचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात, अशा तपासणीमुळे अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले नाहीत, असं दिसलं. म्हणूनच मुलं झाल्यानंतर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला इथे ठामपणे दिला जातो: ब्रॅका-१ मध्ये ३५ ते ४० वर्षांच्या दरम्यान, ब्रॅका-२ मध्ये ४० ते ४५. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पाळी मात्र एकदम थांबते. अंगातून वाफा येतात, झोप जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. याचे उपाय आहेत आणि ते ऑपरेशनच्या आधी बोलून ठेवायचे असतात. हॉलिवूडच्या अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी २०१३ मध्ये आपल्या स्तनांच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. त्यांनी २०१५ मध्ये अंडाशय काढल्याचंही लिहिलं होतं, ते मात्र आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात नाही. जीव वाचवण्याच्या दृष्टीने मला ती दुसरी बातमी जास्त महत्त्वाची वाटते.

ज्यांना कॅन्सर झालेलाच आहे त्यांच्यासाठी या रिपोर्टचा आणखी एक फायदा आहे. ओलापॅरिब आणि त्याच्या जातीची औषधं पेशीतला दुरुस्तीचा दुसरा मार्ग बंद करतात. कॅन्सरच्या पेशीत ब्रॅकाचा मार्ग आधीच बंद असतो, दुसराही बंद झाला की ती मरते. निरोगी पेशीकडे एक चांगली प्रत शिल्लक असल्याने ती तगते. म्हणजे ज्या बिघाडाने आजार झाला, त्यालाच धरून हे औषध काम करतं.

पुरुषांबद्दल. बदल असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो मुलाकडे येण्याची शक्यता मुलीइतकीच, म्हणजे निम्मी असते. ब्रॅका-२ असलेल्या पुरुषाला प्रोस्टेटचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, आणि स्तनाचा कॅन्सरही होऊ शकतो. चाळिशीनंतर त्याने प्रोस्टेटची तपासणी सुरू करायची असते. शिवाय त्याच्या मुलींना ही माहिती त्याच्याकडूनच मिळणार असते. ‘हे बायकांचं आहे’ म्हणत भाऊ चाचणीला नकार देतो, तेव्हा तो पुतण्या-भाच्यांबद्दल नाही, स्वतःच्या लेकीबद्दल निर्णय घेत असतो.

आता सांगण्याबद्दल. रिपोर्ट आला की बाईच्या मनात आधी येतं ते “माझ्यामुळे माझ्या पोरीला”. हे ओझं तिच्यावर कोणी ठेवू नये, तिने स्वतःही ठेवू नये. तिला तो बदल कोणाकडून तरी मिळालेला आहे, तिने निवडलेला नाही. मग प्रश्न येतात: दिरांना कशाला कळायला हवं, भावजय काय म्हणेल, आणि मुख्य म्हणजे मुलीचं लग्न. स्थळं परत जातील या भीतीने रिपोर्ट कपाटात जातो, आणि तिच्याच बहिणीची किंवा भावाची मुलगी तिसऱ्या टप्प्यातला कॅन्सर घेऊन दवाखान्यात येते. लग्नाच्या पत्रिकेत हे छापायची गरज नाही, पहिल्या भेटीतही नाही. पण लग्न ठरवण्याआधी त्या दोघांमध्ये हे बोलणं व्हावं, असं माझं मत आहे. मुलीने स्वतः सांगावं, आई-वडिलांनी तिच्या वतीने लपवू नये. दोघांना मूल हवं असेल तेव्हा, गर्भाशयात ठेवण्यापूर्वी भ्रूणाची तपासणी करून बदल नसलेला भ्रूण निवडण्याची सोय कायद्याच्या चौकटीत उपलब्ध आहे. तो मार्ग घ्यायलाच हवा असंही नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांची ब्रॅका चाचणी करत नाहीत. त्या वयात करण्यासारखं काही नसतं, आणि ही माहिती हवी की नको हे ठरवायचा हक्क त्यांचा असतो. विम्याबद्दलही लोक विचारतात. जनुकीय आजार आहे म्हणून सरसकट आरोग्य विमा नाकारणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आणि विमा नियामकाने कंपन्यांना त्यानुसार सूचना दिल्या. तरी चाचणीच्या आधी आपल्या पॉलिसीच्या अटी वाचून घ्याव्यात. आयुर्विम्याच्या अर्जातले प्रश्न वेगळे असतात.

भावंडांना सांगताना फोनवर ‘जीनमध्ये काहीतरी निघालंय’ एवढं सांगून भागत नाही. रिपोर्टच्या पहिल्या पानावर जनुकाचं नाव आणि त्यापुढे अक्षरं-आकड्यांचा एक लांब कोड असतो. त्या पानाचा फोटो पाठवा, सख्ख्यांना आणि चुलत-मावस-आते-मामे सगळ्यांना. सोबत दोन ओळी: हा बदल आमच्या घरात सापडला आहे, तुमच्यातही असण्याची शक्यता आहे, जवळच्या जेनेटिक्स क्लिनिकमध्ये हे पान दाखवा. चाचणी करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पुण्यातली चुलत बहीण असो की न्यू जर्सीतला मामेभाऊ, लॅबला शोधासाठी तोच कोड लागतो.